दुसऱ्या लेकीच्या वेळी मला कळलं

माझं खरं नाव मी इथं देत नाही. लातूरला आमची मेस आहे. शिकवणीसाठी बाहेरगावाहून आलेली पोरं-पोरी आमच्याकडं दोन्ही वेळा जेवतात, काहींचे डबे जातात. त्यांच्या ताटातली पोळी माझ्या हातची असते. माझा आजार पोळीतून, भाजीतून, पाण्याच्या पेल्यातून कुणाला लागत नाही. डॉक्टरांनी तसं सांगितलं आणि मी ते आमच्या घरातच पाहिलं आहे. पण नांदेड-परभणीहून लेकरांना भेटायला येणाऱ्या आयांना ते पटेल का, याची मला खात्री नाही. म्हणून मला सुमन म्हणा. बाकीच्यांची नावंही बदलली आहेत. जे झालं ते मात्र आहे तसंच सांगते.

कोथिंबीर

माझं हे दुसरं लग्न. माहेर चाकूरकडचं. पहिल्यांदा मला धर्माबादला दिलं होतं. नवरा संजय हैदराबादला सेंट्रिंगच्या कामावर असायचा, महिन्याकाठी घरी यायचा. त्या घरात मला मुलगी झाली, प्रज्ञा. ती रांगायला लागायच्या आधीच गेली. तिच्यामागून वर्षाच्या आत संजय गेला. टीबी होता, असं मला सांगितलं. मी चाकूरला परत आले आणि शिवणकामावर काही वर्षं काढली. मग मिलिंदचं स्थळ आलं. त्याचीही फारकत झालेली होती. विहारात साधं लग्न लागलं आणि मी लातूरला आले.

मला दिवस गेले तेव्हा मिलिंदची आई, म्हणजे आमच्या आत्या, गल्लीत पेढे वाटायला निघाल्या होत्या. मीच थांबवलं. एका खाजगी डॉक्टरीणबाईंकडं नाव घातलं. रक्त, लघवी तपासायला दिली. रिपोर्ट घ्यायला मी एकटीच गेले, कारण मिलिंदला दुपारच्या जेवणाची घाई होती.

बाई एरवी मला "ये गं" म्हणायच्या. त्या दिवशी "बसा" म्हणाल्या. नर्सला बाहेर जायला सांगितलं आणि दार ओढून घेतलं.

"तुमच्या रक्तात एचआयव्ही दिसतोय," त्या म्हणाल्या. "सरकारी दवाखान्यात परत एकदा तपासून घ्या. आणि बाळंतपणही तिकडंच करा. आमच्याकडं तशी सोय नाही."

मी विचारलं, "आणि बाळाला?"

"ते तिकडं सांगतील."

मी उठले. मला वाटलं होतं अशा वेळी माणूस रडतं, चक्कर येऊन पडतं. मी बाहेर येऊन चप्पल घातली. घरून निघताना मिलिंदनं कोथिंबीर आणायला सांगितली होती, ती आठवली. गंजगोलाईच्या बाजारात गेले, चार जुड्या घेतल्या, भाजीवालीशी भावही केला. घरी येऊन कोथिंबीर निवडली, चिरायला बसले. विळी हाताखाली आली तेव्हा मात्र मी थांबले. बोट कापलं तर? त्या कोथिंबिरीत रक्ताचा थेंब पडला तर? मी विळीवरून उठले आणि पोट दुखतंय म्हणून आतल्या खोलीत जाऊन पडले.

आत्या पाणी घेऊन आल्या. "रिपोर्ट काय आला गं?"

"बरा आहे," मी म्हणाले.

प्रज्ञा

मिलिंदला मी दुसऱ्या दिवशी सांगितलं. मेस रिकामी होती, तो बाकं पुसत होता. त्यानं फडकं बादलीत टाकलं आणि विचारलं, "म्हणजे एड्स?" मी म्हणाले, "परत तपासायचं आहे." तो म्हणाला, "चल मग." अंगावरच्या कपड्यांनिशीच आम्ही सरकारी दवाखान्यात गेलो.

तिथं तपासणीच्या आधी आणि नंतर बोलायला एक मॅडम असतात, समुपदेशक. त्यांची खोली लहान होती, दाराला हिरवा पडदा होता. माझा रिपोर्ट तोच आला. मिलिंदचा निगेटिव्ह आला. काही महिन्यांनी त्यालाही परत तपासावं लागेल, असं त्या म्हणाल्या. मिलिंद उठून बाहेर गेला आणि व्हरांड्यात उभा राहिला. पडद्याखालून मला त्याचे पाय दिसत होते. ते पाय निघून जातात की काय, एवढंच मी बघत होते. ते गेले नाहीत.

मॅडमनी मला विचारलं, "याआधी बाळंतपण झालंय का?"

मी प्रज्ञाबद्दल सांगितलं. ती जन्मली तेव्हा चांगली गुटगुटीत होती. मग तिला हगवण लागायला लागली. औषधानं थांबायची, परत लागायची. जिभेवर पांढरा थर यायचा, दूध ओढता यायचं नाही, तोंड लावायची आणि रडायची. सारखा ताप. मांड्यांची कातडी सैल पडली, म्हाताऱ्या माणसासारखी. शेजारच्या बायका म्हणाल्या नजर लागली. सासू म्हणाली आईचं दूध पातळ आहे. मी मेथी खाल्ली, अळीव खाल्ले, खोबरं खाल्लं, जे सांगतील ते खाल्लं, आणि तिला पाजत राहिले. नांदेडला नेलं तेव्हा उशीर झाला होता. ती माझ्या मांडीवरच गेली, सलाईन लावायला शीर सापडत नव्हती तेव्हा.

मॅडम ऐकत होत्या. मग त्यांनी हळूच विचारलं, "आणि तुमचे पहिले मिस्टर कशानं गेले?"

"टीबीनं," मी म्हणाले. ते म्हणता म्हणताच मला कळलं. त्यांना काही सांगावं लागलं नाही.

मी विचारलं, "माझ्या दुधानं गेली का ती?"

त्या म्हणाल्या, "तेव्हा ती पोटात असताना तुमची तपासणी झाली असेल तर ती निगेटिव्हही आली असेल. तुम्हाला नंतर लागण झाली असेल. आज ते सांगता येत नाही. तुम्हाला माहीत नव्हतं, ताई. या बाळाच्या वेळी माहीत आहे. रोज गोळी घेतली, बाळंतपण दवाखान्यात केलं, बाळाला औषध दिलं, तर बहुतेक बाळं चांगली राहतात."

बहुतेक. हा शब्द मी घरी घेऊन आले. पुढं दोन वर्षं तो माझ्या डोक्यातून गेला नाही.

धर्माबाद

गोळी सुरू झाली. रोज एक, ठरल्या वेळेला. पहिले काही दिवस चक्कर यायची, विचित्र स्वप्नं पडायची, मग शरीर सरावलं. गोळ्यांच्या डबीवरचं लेबल मी खरवडून काढलं आणि आत्यांना सांगितलं, रक्तवाढीची आहे.

मिलिंद माझ्याशी भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. तो मेसच्या हॉलमध्ये सतरंजी टाकून झोपायला लागला. आईला सांगितलं, आत उकडतंय. कामाचं बोलायचा. तांदूळ संपत आलाय, गॅस लावायचाय, एवढंच. एक दिवस दुपारी आम्ही दोघंच कणीक मळत होतो, तेव्हा तो एकदम म्हणाला, "मला आधी सांगायला पायजे होतं."

"मलाच ठाव नव्हतं."

"असं कसं ठाव न्हाई? माणूस मेलं, लेकरू मेलं, अन् घरात कुणालाच कायी ठाव न्हाई?"

मी रडायला लागले. तो म्हणाला, "रडू नकोस. आपण धर्माबादला जाऊ. मला तुझ्या त्या सासूच्या तोंडून ऐकायचंय."

मी नको म्हणाले. त्या घराची पायरी चढायची माझी हिंमत नव्हती. पण मिलिंदच्या मनात मी खोटारडी ठरले होते, आणि तसंच त्याच्या घरात राहणं त्याहून अवघड होतं. आत्यांना सांगितलं, चाकूरला जाऊन येतो. आम्ही एसटीनं नांदेडला आणि तिथून रेल्वेनं धर्माबादला गेलो.

माझी पहिली सासू अंगणात मिरच्यांचे देठ खुडत बसली होती. व्यापाऱ्याकडून पोती घरी आणून ती हे काम करायची. सगळीकडं ठसका पसरला होता. मला बघून तिचा हात थांबला. माझं पोट दिसायला लागलं होतं. तिनं ते पाहिलं, मिलिंदकडं पाहिलं.

"ये बस," ती म्हणाली. "पाणी देऊ का?"

मी बसले नाही. तिकडच्या रीतीनं ती मला अम्मा म्हणायची आणि मी तिला आई. आताही तसंच म्हणाले. "आई, संजयला काय झालं होतं?"

"छातीचा रोग होता. तुला ठाव न्हाई का?"

"मला एचआयव्ही निघाला, आई."

तिनं देठ खुडायचे सोडले. पदर नाकाला लावला. मिलिंद म्हणाला, "आम्ही भांडायला आलो न्हाई. खरं काय ते सांगा अन् आम्ही जातो."

ती म्हणाली, "हैद्राबादच्या डाक्टरनं सांगितलं हुतं. संजयनं माझ्या पाया पडून सांगितलं, कुणाला सांगू नको म्हणून. पोटचं लेकरू हाय, काय करू मी?"

"अन् पोरगी? मी तिला पाजत होते. तुम्ही बघत होतात."

"पोरीला लागतंय म्हणून मला काय ठाव, अम्मा? मी अडाणी बाई."

"मला तरी सांगायचं."

तेव्हा तिनं माझ्याकडं सरळ पाहिलं. "तुला सांगितलं असतं तर तू गेली असतीस. मग त्याला कुणी बघितलं असतं?"

ती हे चिडून म्हणाली नाही. साधं, घरातलं काहीतरी सांगावं तसं म्हणाली. संजयचं हगणं-मुतणं मी काढलं होतं, त्याला भरवलं होतं, शेवटी त्याला उचलून अंगणात न्यायचे तेव्हा तो पोत्यापेक्षा हलका लागायचा. त्या सगळ्यासाठी मी तिथं असणं तिला हवं होतं. माझ्या तोंडात शिव्या आल्या होत्या. पण मिरचीच्या ठसक्यानं मला जोराचा खोकला लागला आणि मी खोकतच बाहेर पडले.

परतीच्या वाटेवर नांदेडच्या स्टँडवर मिलिंदनं मला शहाळं घेऊन दिलं. मी पीत होते तोवर तो माझी पिशवी धरून उभा होता. मग म्हणाला, "लेकरू होऊस्तोवर तरी आपण नीट राहू. पुढचं पुढं बघू."

पूर्ण माफी किंवा पूर्ण विश्वास असं त्यात काही नव्हतं. पण त्या दिवसापासून तो आत झोपायला लागला.

वॉर्ड

दर महिन्याला गोळ्या आणायला जायचं. तिथल्या रांगेत बायका पदर कपाळापर्यंत ओढून बसतात. जळकोटची एक बाई तर उन्हाळ्यातही तोंडाला मफलर बांधून यायची. ओळखीचं कुणी दिसलं की नजर खाली जाते, दोघींचीही. तरी हळूहळू आम्ही एकमेकींना जागा धरून ठेवायला लागलो. नावं कधी विचारली नाहीत.

कळा सुरू झाल्या त्या दिवशी मेसमध्ये सकाळचा नाश्ता चालू होता. मिलिंदनं गॅस बंद केला आणि पोरांना सांगितलं, आज बाहेर खा. दवाखान्यात नेताना मला एकच धास्ती होती, तिथं सगळ्यांसमोर कुणी मोठ्यानं बोललं तर. आत्या सोबत होत्या. एका बाईनं मला बघून दुसरीला काहीतरी खुणावलं, ते मला दिसलं. पण बाळंतपण करणाऱ्या सिस्टर वेगळ्या निघाल्या. त्या माझ्या कानाजवळ वाकून म्हणाल्या, "मला माहीत आहे. तुम्ही फक्त मी सांगते तेव्हा जोर लावा."

मुलगी झाली. पुसून त्यांनी ती माझ्या छातीवर ठेवली. माझे हात तसेच बाजूला पडले होते.

"धरा की," सिस्टर म्हणाल्या.

"मी हात लावला तर चालेल?"

"तुमचीच आहे. तुम्ही नाही तर कोण लावणार?"

मी तिला धरलं. माझ्या लेकीचं नाव मी इथं खोटंसुद्धा देत नाही. ती लहानखुरी, काळीसावळी, डोक्यावर दाट जावळ असलेली होती, एवढं पुरे.

दूध

आता सगळ्यात अवघड गोष्ट सांगते. मॅडमनी आधीच समजावलं होतं की सहा महिने एक तर फक्त आईचं दूध, नाही तर फक्त वरचं दूध. दोन्ही मिसळायचं नाही. पाणी नाही, मध नाही, घुटी नाही. वरचं काही दिलं की बाळाच्या कोवळ्या आतड्याला इजा होते आणि तिथून लागण व्हायची भीती वाढते. गोळी नीट चालू आहे, तर तुमचं दूध द्या, असं त्या म्हणाल्या.

त्यांना ते म्हणणं सोपं होतं. मी लेकीला पहिल्यांदा पाजायला जवळ घेतलं. तिनं तोंड लावलं आणि मला प्रज्ञाची पांढरी जीभ दिसायला लागली. प्रत्येक घोट ती गिळायची तो मला ऐकू यायचा. आया पाजताना डोळे मिटतात, मी तिच्या तोंडाकडं बघत राहायचे. पाजून झालं की बोट साबणानं धुवायचे आणि तिचा ओठ खाली करून जीभ तपासायचे. शी पातळ झाली की दिवसभर मला अन्न जायचं नाही. एकदा मिलिंदला म्हणाले, "डब्याचं दूध आणू या. माझ्याच्यानं होत नाही." त्यानं मॅडमना फोन लावून दिला. त्या बराच वेळ बोलल्या. मी फक्त हं हं करत होते. फोन ठेवला आणि लेकीला परत जवळ घेतलं, कारण ती भुकेनं रडत होती आणि दुसरं काही सुचत नव्हतं.

रोज तिला एका औषधाचे थेंब द्यायचे असायचे. आत्यांनी विचारलं तर सांगायचे, कावीळ होऊ नये म्हणून आहे. घुटी द्यायची नाही, हेही डॉक्टरांचंच नाव सांगून बजावलं होतं. आत्या ऐकायच्या आणि मान हलवायच्या.

बाळंतपणाला महिना झाला आणि मी थोडं थोडं मेसचं काम बघायला लागले. एका दुपारी मी वरण ढवळत होते, तेव्हा आतून लेकीचं रडणं आलं आणि एकदम थांबलं. मी आत गेले. आत्यांच्या मांडीवर लेक होती. शेजारी सहाण होती, बदाम, खारीक, हळकुंड, जायफळ उगाळलेलं. त्यांच्या बोटावर पिवळं होतं आणि लेकीच्या ओठांवरही.

मी काय केलं ते मला पुरतं आठवत नाही. मी लेकीला ओढून घेतली, पदरानं तिचं तोंड पुसायला लागले. ती किंचाळत होती. आत्या म्हणाल्या, "वेडी झालीस का? माझी तीन लेकरं घुटीवर वाढली. हिच्या पोटात मुरडा येऊन राहिला, दिसत न्हाई का तुला?"

"किती दिलं?"

"दोन बोटं चाटवली. रोजच देते. तू कामात असतीस."

रोजच. मी खाली बसले. पलीकडं पोरं ताटं वाजवत होती, कुणीतरी "मावशी, वरण" म्हणून हाक मारत होतं. मिलिंद आत आला. आमच्या दोघींची तोंडं बघून त्यानं हॉलचं दार लावलं.

मी म्हणाले, "आत्या, मला एचआयव्ही आहे."

त्यांना आधी कळलंच नाही. मिलिंदनं समजावलं. पहिल्या नवऱ्याचं, प्रज्ञाचं, धर्माबादचं सगळं सांगितलं. घुटीनं काय होऊ शकतं तेही सांगितलं. आत्या आपल्या हाताकडं बघत होत्या. पिवळ्या बोटाकडं. मग म्हणाल्या, "म्या पोरीला मारलं का रे?"

मला नाही म्हणायला हवं होतं. मी लेकीचा ओठ खाली करून जीभ तपासत होते.

त्याच दिवशी आम्ही लेकीला घेऊन दवाखान्यात गेलो. डॉक्टर ओरडले नाहीत. आता बंद करा, औषध चालू ठेवा, दीड महिन्याची झाली की रक्त तपासू, असं म्हणाले. दीड महिना भरल्यावर तिच्या टाचेला सुई टोचून कागदावर रक्ताचे थेंब घेतले, तेव्हा मी तिचा पाय धरून होते. तो कागद लांबच्या प्रयोगशाळेत गेला. उत्तर यायला किती दिवस लागतील, ते नक्की कुणी सांगेना.

आत्या

ते दिवस आमच्या घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही. आत्यांनी सहाण उचलून माळ्यावर टाकली. माझं कळलं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून त्यांनी माझ्या हातचं खाणं सोडलं. स्वतःची चूल नव्हे, पण स्वतःचा स्टोव्ह काढला, त्यावर भात टाकायच्या. मला ते लागलं. शंभर पोरं माझ्या हातचं जेवत होती आणि घरातली बाई जेवत नव्हती. मिलिंद त्यांच्यावर चिडला तेव्हा मीच त्याला आवरलं.

पण त्यांनी हे कुणाला सांगितलं नाही. त्यांची लेक सासरी आहे, रोज तिचा फोन येतो. तिलाही नाही. गल्लीतल्या बायका ओट्यावर जमतात, तिथंही नाही. एक दिवस शेजारीण म्हणाली, "सून सारखी दवाखान्यात जाती, काय झालंय?" मी खिडकीच्या आत होते. आत्या म्हणाल्या, "बाळंतपणानं रक्त कमी झालंय. तुमच्या सुनंला झालं नव्हतं का?" शेजारणीनं विषय बदलला. आत्या आत आल्या आणि माझ्याकडं न बघता स्टोव्ह पेटवला.

मी त्यांना समजू शकले असं मी म्हणणार नाही. त्या मला सांभाळतही होत्या आणि माझ्यापासून लांबही राहत होत्या. ह्या दोन्ही गोष्टी एकाच बाईत होत्या, आणि मला दोन्हींबरोबर राहायचं होतं.

पहिला रिपोर्ट निगेटिव्ह आला. मॅडमनी फोनवर सांगितलं तेव्हा मिलिंद पोळ्या शेकत होता, तव्यावरची पोळी करपली. आत्या देवळात किंवा विहारात गेल्या नाहीत. लेकीला मांडीवर घेऊन तिच्या टाळूवर तेल थापत बसल्या. आनंद झाला, पण पुरा झाला नाही, कारण मॅडमनी बजावलं होतं की दूध चालू आहे तोवर तपासण्या चालू राहतील. सहा महिन्यांनी परत, वर्षानं परत, आणि दीड वर्षानं शेवटची. दर वेळी तीच सुई, तेच वाट बघणं. लेकीला साधी सर्दी झाली तरी आम्ही तिघं एकमेकांकडं बघायचो.

शेवटची तपासणी

शेवटच्या तपासणीला आत्या हट्टानं सोबत आल्या. लेक चालायला लागली होती. दवाखान्याच्या व्हरांड्यात ती प्रत्येकाच्या चपला गोळा करून आणायची आणि मिलिंद त्या परत नेऊन द्यायचा. आम्हाला आत बोलावलं. मॅडमनी रिपोर्ट बघितला आणि आधी हसल्या, मग सांगितलं. लेकीला काही नाही. आता परत तपासायची गरज नाही.

मिलिंद तोंड फिरवून रडायला लागला. तोही दर वेळी तपासून घेत होता, त्यालाही काही नव्हतं. मला रडू आलं नाही. मला फक्त खूप झोप आली, उभ्या उभ्या.

आत्या खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "लेकराचं झालं, मॅडम. हिचं काय?"

"कुणाचं?"

"हिचं." माझ्याकडं बोट करून त्या म्हणाल्या. "ही किती दिवस जगंल?"

इतक्या दिवसांत हे कुणी विचारलं नव्हतं. मिलिंदनं नाही, मी स्वतःही नाही. मॅडम म्हणाल्या, "गोळी रोज घेतली तर तुमच्या-माझ्यासारखीच जगतील, आजी."

"अन् न्हाई घेतली तर?"

"तर नाही."

आत्यांनी मान हलवली. "मग मी बघते," त्या म्हणाल्या. "कशी घेत न्हाई ते."

आम्ही निघालो तेव्हा मॅडमनी मला दारातच थांबवलं. व्हरांड्याच्या टोकाला एक पोरगी बसली होती. वीस-बावीसची असेल. पोट नुकतंच दिसायला लागलेलं. पदर तोंडात कोंबून ती भिंतीकडं तोंड करून बसली होती. मॅडम हळूच म्हणाल्या, "तिला आत्ताच सांगितलंय. एकटीच आली आहे. तुम्ही बसाल का तिच्याजवळ? नको वाटलं तर नका."

मी कधी कुणा परक्या माणसाला हे सांगितलं नव्हतं. मी मिलिंदकडं पाहिलं. त्यानं लेकीला माझ्याकडं दिलं.

मी जाऊन तिच्या शेजारी बसले. म्हणाले, "मलाही आहे."

तिनं पदर तोंडातून काढला. माझ्याकडं, मग लेकीकडं बघितलं. "हे तुमचं?"

"हाव."

"हिला?"

"न्हाई. आत्ताच कळलं."

तिनं लेकीच्या पायाला नुसतं बोट लावलं आणि काढून घेतलं. मग विचारलं, "सगळ्यांची लेकरं वाचतात का, ताई?"

हो म्हणणं सोपं होतं. तिला तेच ऐकायचं होतं आणि मलाही तेच म्हणायचं होतं. पण तिला पुढं पाजायचं होतं, घुटी आणणाऱ्या हातांना अडवायचं होतं, रोज गोळी घ्यायची होती, ती चुकवायची नव्हती. मी लेकीला मांडीवर नीट बसवलं.

"सगळ्यांची न्हाई," मी म्हणाले. "माझी एक गेली. तेव्हा मला कुणी सांगितलंच नव्हतं. तुला आज सांगितलंय. आता माझं नीट ऐक."

तिनं डोळे पुसले आणि माझ्याकडं वळून बसली.